लेकीचा प्रकल्प आणि माझी सातवी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी तुम्हाला मागच्या खोलीत, चहाच्या पातेल्याजवळ दिसते. यंदा चिटणीसबाईंनी मला इथे पुढे आणून उभे केले. मी सातवी शिकलेली बाई, मला भाषण येत नाही, हे मी त्यांना परोपरीने सांगून पाहिले. त्या म्हणाल्या, "परवा गिरणीवर तुम्ही लेकीच्या प्रकल्पाची हकीकत सांगितलीत ना, तीच सांगा." तेव्हा ती घडली तशी सांगते. कुठे भरकटले तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी इथेच ब्रह्मपुरीला समाजशास्त्रात एम. ए. करते. गडचिरोलीला २०११ साली गोंडवाना विद्यापीठ झाले, आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांची महाविद्यालये त्याला जोडली गेली, हे तुम्हाला माहीतच आहे. तिला एक संशोधन प्रकल्प करायचा आहे. पण प्रकल्पाला हात घालण्याआधी त्याचा प्रस्ताव लिहून द्यावा लागतो. प्रस्ताव म्हणजे काय, तर घर बांधण्याआधीचा नकाशा. विषय कोणता, तो का घेतला, कोणाला विचारणार, काय विचारणार, किती महिन्यांत आटोपणार, हे सारे आधी कागदावर मांडायचे. तिने विषय घेतला, 'स्त्रीवादातील पिढ्यांचे अंतर'. आजी, आई आणि मुलगी अशा तीन पिढ्यांच्या बायकांना प्रश्न विचारायचे आणि विचारांत काय काय फरक पडला ते पाहायचे.

सासूबाईंनी विषय ऐकला आणि विचारले, "स्त्रीवाद म्हंजे बायकांचा वाद ना? तो त नळावर रोज होते. त्याले कालेजात कायले जा लागते?"

आम्ही पोट धरधरून हसलो. पण पुढे पुढे मला त्या बोलण्याचे हसू येईना, ते का, ते सांगते.

प्रश्नांची यादी तयार झाली तेव्हा तिची रंगीत तालीम घरातच करायची ठरली. एका रात्री जेवणे आटोपल्यावर लेक वही घेऊन बसली. पहिला मान माझा. नाव, वय, लग्न कितव्या वर्षी, मुले किती, इथपर्यंत सुरळीत झाले. मग प्रश्न आला, 'शिक्षण का सोडले?' त्याखाली चार उत्तरे दिली होती, त्यांतल्या एकावर खूण करायची. गरिबी, लवकर लग्न, घरच्यांचा मुलींच्या शिक्षणाला विरोध, अभ्यासात गोडी नसणे. मी चारही उत्तरे दोनदा वाचली. माझे उत्तर त्यांत नव्हते.

आमची तीन एकर धानाची शेती होती. उपाशी कोणी नव्हते. माझे लग्न सातवीनंतर सहा वर्षांनी झाले. वडिलांचा विरोध म्हणावा, तर त्यांनी मला पाटी आणून दिली होती. आणि गोडी तर इतकी होती की, किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा मी उलगडून वाचत असे. मी म्हटले, "बाई, यात भीती लिहायची राहिली."

"कसली भीती?" तिने विचारले. तेव्हा मला ती गोष्ट सांगावी लागली. ती मी तिला आजवर सांगितली नव्हती.

माझे माहेर वैनगंगेपलीकडे, वडशाजवळच्या एका खेड्यात. वडसा म्हणजे कागदोपत्री देसाईगंज. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचे तर रोज देसाईगंजला जावे लागे. मी सातवी पास झाले ते १९९३ साल. माझ्याबरोबरची चार मुले सायकली घेऊन गेली. आईने मला पाठवले नाही. ती एवढेच म्हणाली, "वडशाले नाही." मी रडले, दोन दिवस जेवले नाही. तिने कारण सांगितले नाही, आणि शब्दही मागे घेतला नाही.

कारण मला लग्नानंतर कळले. १९७२ सालच्या मार्च महिन्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर रात्री अत्याचार झाला. मुलगी चौदा ते सोळा वर्षांची. आरोप होता दोन पोलिसांवर. मजुरी करून पोट भरणारी ती पोर होती. माझी आई तेव्हा तिच्याच वयाची. आमच्या गावात बातमी आली ती कुजबुजीनेच. आईचे लग्न त्याच वर्षी घाईने उरकले आणि तिची एक मैत्रीण शाळेतून घरी बसली. वीस वर्षांनीसुद्धा आईच्या मनातून ते गेले नव्हते. तिने मला घरी ठेवले ते शिक्षणाच्या रागाने नव्हे.

हे ऐकून लेकीने वही मिटली आणि आतून एक जाडसे पुस्तक घेऊन आली. म्हणाली, "आई, हा खटला आमच्या अभ्यासात आहे. पण देसाईगंज म्हणजे तुझे वडसा, हे माझ्या डोक्यातच आले नाही!" मग तिने मला उरलेली अर्धी गोष्ट सांगितली, जी आमच्या गावात कधी पोचलीच नव्हती.

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ साली दोघांना सोडले. नागपूरच्या उच्च न्यायालयाने त्यांना शिक्षा दिली. आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा त्या निकालाचा अर्थ. भगिनींनो, ठाण्याचे दार बंद, आत पोलीस, बाहेर रात्र, आणि मजूर पोरीने ओरडायचे कोणासाठी? दुसऱ्या वर्षी कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले: उपेन्द्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. मुकाट मान्य करणे म्हणजे संमती नव्हे, असा त्यांचा मुद्दा. १९८० च्या ८ मार्चला ठिकठिकाणच्या शहरांत बायका त्या मुलीसाठी रस्त्यावर आल्या. बायकांच्या संघटना उभ्या राहिल्या. १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यात असलेली बाई न्यायालयात 'माझी संमती नव्हती' म्हणाली, तर न्यायालयाने ते खरे धरून चालायचे, असे त्यात आले. अशा बाईचे नाव छापू नये, हेही त्याच वर्षी कायद्यात आले. खटला तिच्या नावानेच सगळीकडे ओळखला जातो, पण मी इथे ते नाव घेत नाही.

लेक सांगत होती की, भारतातल्या स्त्रियांच्या नव्या चळवळीला या खटल्यापासून जोर आला असे पुस्तकात म्हटले आहे. मला अभिमान वाटावा अशा सुरात सांगत होती. मी म्हटले, "मुंबई-दिल्लीच्या बायका रस्त्यावर आल्या असतील, बाई. आमच्या गावच्या पोरी मात्र घरात गेल्या." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग प्रश्नाखालची चारही उत्तरे खोडून तिने तिथे नुसती रेघ मारली, म्हणजे ज्या बाईचे जे असेल ते तिने सांगावे. माझ्या मते प्रस्तावातली ती पहिली खरी सुधारणा.

तो प्रस्ताव पहिल्यांदा सरांकडून परत आला होता, तेव्हा मी तो वाचून पाहिला. त्यात पहिली लाट, दुसरी लाट, तिसरी लाट असे लिहिले होते. या लाटा परदेशातल्या बायकांच्या चळवळीच्या आहेत म्हणे. मी म्हटले, आपल्या वैनगंगेला कसल्या लाटा? एक तर ती वाळूत लपते, नाही तर २०२० च्या ऑगस्टअखेरीस आली तशी घरात शिरते. लेकीला राग आला. पण सरांनीही लाल शाईने तेच विचारले होते, की हे आपल्या भागाला लागू होते काय?

दुसरी लाल रेघ होती गृहीतकावर. गृहीतक म्हणजे आपण आधी धरून चाललेली गोष्ट. तिने लिहिले होते, 'आजीची पिढी परंपरेने बांधलेली, आईची पिढी अर्धवट जागृत, आणि आजची पिढी स्वतंत्र विचारांची.' अर्धवट म्हणजे मी! ते वाचून मी त्या दिवशी तिच्या डब्यात लोणचे घातले नाही.

राग सोडा. पण ते खरे आहे काय? आपल्या चिमूरला १९४२ साली नागपंचमीच्या दिवशी, १६ ऑगस्टला, उठाव झाला. पुढे पलटण आली आणि तिने घराघरांत शिरून बायकांवर अत्याचार केले. त्या बायकांनी नागपूरहून आलेल्या लोकांपुढे ते आपल्या तोंडाने सांगितले. आपण आज सांगू काय? सरकारने चौकशी करावी म्हणून भन्साळींनी ६३ दिवस उपास केला. चिमूर-आष्टीच्या लोकांची फाशी टळावी म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे झटल्या. १९५६ साली, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चांद्याला दीक्षा दिली. आपल्या शेजारच्या आजी तेव्हा आईच्या कडेवर होत्या. त्यांची आई बैलगाडीने आणि पायी चांद्याला गेली, आणि परत आल्यावर घरातले जुने देव तिने स्वतः उचलून नेऊन नदीत सोडले, नवऱ्याला न विचारता. त्या बाईंना सही येत नव्हती. त्यांना कोणत्या लाटेत बसवायचे?

आणि आमच्या सासूबाई. त्यांचा डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. चार दिवस बाजूला बसण्यावरून त्यांनी मला काय काय ऐकवले ते इथे सांगत नाही. पण चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी व्हावी म्हणून २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर बायकांचा पायी मोर्चा निघाला, श्रमिक एल्गारच्या पारोमिता गोस्वामींच्या पुढाकाराने, तेव्हा साठीला आलेल्या आमच्या सासूबाई घरी कोणालाही न विचारता पिशवीत दोन लुगडी घालून निघून गेल्या. अर्ध्या वाटेत पाय सुजले म्हणून परत आल्या. मामंजी आठ दिवस बोलले नाहीत. तिसाव्या वर्षी धडधाकट असलेली मी मात्र घरी राहिले, का, तर सगळ्यांचा भात कोणी रांधायचा? लेक म्हणते, आजी परंपरेची. बरे, मग त्या दिवसांत परंपरेची कोण होती, त्या की मी?

यावर लेकीने चांगली शंका काढली, ती तिचे कौतुक म्हणून सांगते. ती म्हणाली, "आजी आज जे बोलते ते तिच्या पिढीचे बोलणे, की तिच्या वयाचे? मी पंच्याहत्तरची झाल्यावर मीही असेच बोलेन की काय?" हे मला फार पटले. सासूबाई विशीत काय म्हणत होत्या ते त्यांनाच आठवेल, आणि तेही आजच्या मनाने आठवेल. म्हणून आम्ही असे ठरवले की, बायकांना 'तुम्हाला काय वाटते' हे कमी विचारायचे आणि 'तुम्ही काय केलेत' हे जास्त विचारायचे. एसटीने पहिल्यांदा एकटीने कुठे गेलात, आणि कोणाला विचारून? स्वतःच्या कमाईचा पहिला पैसा कोणता, आणि तो कशाला लागला? मोठ्या माणसाला 'नाही' केव्हा म्हणालात? रोवण्याला बाईची मजुरी किती होती आणि गड्याची किती, हा प्रश्न सासूबाईंनी घालायला लावला. कंबर वाकवून चिखलात रोवणा करायचा बाईने, आणि जास्त मजुरी गड्याला, हे काही त्यांना कोणत्या पुस्तकाने सांगितलेले नाही.

सगळे असे गोडीगुलाबीने झाले असे समजू नका. दारूबंदीवरून घरात चांगलीच जुंपली. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०१५ ला झाली आणि २०२१ साली उठली. लेक म्हणाली, "त्या सहा वर्षांत चोरून दारू विकली गेलीच ना? बंदीने काय साधले?" सासूबाई म्हणाल्या, "त्या सा वर्षांत भर चौकात त विकत नोहोते." आणि दोन दिवस नातीशी बोलल्या नाहीत. मला विचाराल तर मला दोघींचेही पटते, आणि म्हणूनच मी गप्प बसते, हा माझा दोष.

कुर्माघराचेही तसेच. आपल्या बचत गटातल्या एका बाईचे माहेर धानोऱ्याकडे. पाळीच्या दिवसांत गावाबाहेरच्या त्या झोपडीत राहायचे म्हणजे साप, पाऊस, अंधार. लेकीचे मत एकच, मोडून टाका. त्या बाई म्हणाल्या, "मोडाच. पण माझी आई म्हणायची की, वर्षात तेवढेच दिवस कोणी तिला पाणी भर, धान कांड म्हणत नसे." काही गावांत आता त्या जागी पाणी आणि दिव्याची सोय असलेल्या पक्क्या खोल्या बांधल्या आहेत. ही सुधारणा म्हणायची की जुनेच पक्के करणे, यावर त्या दोघी आमच्या ओसरीवर संध्याकाळपर्यंत बोलत बसल्या होत्या. याच बाईंच्या घरी वनहक्काचा पट्टा आहे. २००६ च्या कायद्याने तो नवराबायको दोघांच्या नावे मिळतो. त्या म्हणाल्या, "कागदावर माझे नाव आधी कधी नव्हते, रेशनकार्डावर सोडून."

त्यावरून यादीत नववा प्रश्न आला. 'तुमच्या नावावर काय आहे, आणि सही करून काय सोडलेत?'

आता हे सांगू की नको, असे मनात होते. पण सुरुवात केली आहे तर सांगते. माझे वडील २०१२ साली गेले. तेरवीनंतर भाऊ कागद घेऊन आला. म्हणाला, "ताई, हक्कसोडपत्र आहे. तलाठ्याकडे फेरफार करायचा आहे." मी वाचला तो कागद. सातवीपुरते वाचता येत होतेच. सही केली. भावाने लुगडे घेतले, वहिनीने ओटी भरली.

लेकीने त्या रात्री विचारले, "आई, वडिलांच्या मागे मुलीला वाटा १९५६ च्या कायद्याने दिला. महाराष्ट्राने १९९४ ला वडिलोपार्जितातही दिला, २००५ ला साऱ्या देशात झाले. तू २०१२ साली सही केलीस. का?"

मी म्हटले, माहेर तुटू नये म्हणून. म्हटले, पण माझेच मला पोकळ वाटले. मग सांगितले की, पुढे माझी आई शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळली, तेव्हा मी भावाच्या घरी महिनाभर राहिले, तिचे सगळे केले, आणि कोणी मला पाहुणी म्हटले नाही. तो महिना मला त्या सहीमुळे मिळाला, की मी तिची लेक म्हणून मिळायचाच होता, हे मला आजही सांगता येत नाही.

लेक म्हणाली, "मी सही करणार नाही. आताच सांगून ठेवते." तिचा भाऊ, म्हणजे माझा मुलगा, तिथेच बसला होता. त्याने मान वर केली नाही. हे त्याच्या वडिलांनीही ऐकले. घरात असे शांत झाले की, बाहेर गाय रवंथ करते तेही ऐकू यावे.

तेव्हा सासूबाई बोलल्या. त्यांचे वडील जाऊन पन्नास वर्षे होऊन गेली. पाच बहिणी, दोन भाऊ. त्या मला म्हणाल्या, "तुले सही त मांगली. म्हंजे तुजं नाव होतं कागदावर. मले त कोणी आंगठाबी नाही मांगला."

लेकीने ते वाक्य जसेच्या तसे उतरून घेतले. मी पाहिले, लिहिताना तिचा हात थांबत होता. दुसऱ्या दिवशी तिने प्रस्तावातले ते गृहीतक खोडले. 'परंपरेने बांधलेली', 'अर्धवट', 'स्वतंत्र' हे तिन्ही शब्द गेले. त्या जागी तिने लिहिले की, प्रत्येक पिढीतल्या बाईकडून काय मागितले गेले, तिने काय दिले आणि काय दिले नाही, हे पाहायचे आहे. सरांनी ते मान्य केले, फक्त चाळीसऐवजी पंधराच बायका घे, पण प्रत्येकीकडे नीट बस, असे सांगितले. आणि मी माझ्यातर्फे एक अट घातली, की तिसऱ्या पिढीचे प्रश्न तिने स्वतःलाही विचारावेत. स्वतंत्र विचारांची ही मुलगी स्कूटी घेऊन जाते खरी, पण अंधार पडायच्या आत परत येते, आणि कुठे पोचली ते भावाला मोबाईलवर कळवते. माझ्या आईने 'वडशाले नाही' म्हटले, मी 'अंधार पडायच्या आत ये' म्हणते. मी म्हणते ते का म्हणते, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. तिने ते उत्तरही लिहिले आहे. मला मात्र अजून दाखवले नाही.

नवव्या प्रश्नापुढे माझ्या कागदावर अर्धी जागा रिकामी आहे. 'काय सोडलेत' ते लिहिले. 'तुमच्या नावावर काय आहे' तिथे अजून काही लिहिलेले नाही. यजमानांनी परवा तो कागद वाचला. काही बोलले नाहीत, पण घराच्या कर आकारणीची पावती कपाटातून काढून बराच वेळ पाहत बसले होते. पुढे काय होईल ते होईल.

आता मुख्य निरोप सांगते, म्हणजे चिटणीसबाई मला बसू देतील. पंधरा बायकांपैकी सहा आपल्या मंडळातल्या आहेत. येत्या रविवारपासून दुपारी तीननंतर लेक तुमच्याकडे येईल. नावे कुठेही छापली जाणार नाहीत, हे तिने लिहून दिले आहे. सासू आणि सून एकाच घरात असतील तर दोघींशी ती वेगवेगळी बोलेल, तेव्हा एकीने तेवढा वेळ शेजारी जाऊन बसावे. सही येत नसेल त्यांनी संकोच करू नये. आणि तिला चहा देऊ नका, पित्त होते. ताक चालेल.